दसऱ्याचा हार

दसऱ्याला आम्ही सिस्टरांनीच सोनोग्राफीच्या मशीनला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. दिवाळी उलटली तरी तो तिथंच. आज साखऱ्याकडच्या तांड्यावरून नानीबाई आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सुनेला आठवा महिना, आणि सकाळपासून पोटातलं लेकरू हललं नव्हतं. मी नळी लावून ऐकलं, ठोके सापडेनात. "मशीन हाय नं? मंग लावा की!" नानीबाई ओरडली. मी म्हणाले, "डॉक्टरांशिवाय ती लावायला कायद्यानं बंदी आहे, मावशी. डॉक्टर आलेले नाहीत. हिंगोलीला न्यायला गाडी बोलावलीय." "कदी येतेत तुमचे डॉक्टर?" मी गाडीवाल्याला परत फोन लावला. सून बाकावर दोन्ही हात पोटावर दाबून बसली होती. नानीबाईनं हाराला बोट लावलं, तशा वाळलेल्या पाकळ्या खाली सांडल्या. "म्हंजे दसऱ्यापासून मशीनला कोनी हातच लावला न्हाई." तिनं हार खसकन ओढून काढला, डॉक्टरांच्या रिकाम्या खुर्चीला घातला आणि गेलेल्या माणसाच्या फोटोपुढं जोडावेत तसे हात जोडले. "मावशी, काढा तो! चांगल्या जिवंत माणसाला असं करतात का?" "जिता हाय व्हय तो?" नानीबाईचा आवाज फाटला. "माझ्या सुनंच्या पोटातलं लेकरू जितं हाय का मेलं, हे तुमाला कळून न्हाई राहिलं. मंग हा जिता हाय, हे मशीनबिगर कसं कळलं?"