एका ताऱ्याचं कुलूप

"एकच तारा," नौशीन म्हणाली आणि तिनं मोबाइल कानसांशेजारी पालथा घातला.

खुर्शीद मियाँ कुलपातला खटका घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पाचातला एक?"

"पाचातला एक, अब्बा. शून्य देता येत नाही म्हणून."

साइटची कल्पना नौशीनची होती. अलीगढच्या त्या गल्लीत हातानं कुलपं घडवणारे दोनच उस्ताद उरले होते, तिचे सासरे खुर्शीद मियाँ आणि समोरचे बन्ने उस्ताद. ठोक व्यापारी केव्हाच मशीनच्या मालाकडे वळले होते. ईदपर्यंत बाहेरून मागणी आली नाही, तर सासऱ्यांचा कारखाना बंद होणार आणि त्यांच्या हाताखालचे दोन्ही कारागीर दुसऱ्याच्या मशीनवर उभे राहणार, हे ठरल्यासारखंच होतं. म्हणून सुनेनं सासऱ्यांच्या मागे लागून साइट काढली. पण नोएडाचा सल्लागार सक्सेना पहिल्याच दिवशी म्हणाला होता, साइट काढणं सोपं, तिच्यावर गुगलचा विश्वास बसणं अवघड. "तुम्ही स्वतःला कितीही चांगलं म्हणा मॅडम, तिथं कुत्रं विचारत नाही. दुसरे काय म्हणतात, ते बघतात."

नौशीन दुसऱ्यांच्या शोधात निघाली आणि नात्यातच फिरून परत आली. मावसभाऊ, नणंदा, दीर मिळून अकरा जणांनी पाच-पाच तारे दिले. मेरठच्या फुफीनं, म्हणजे आत्यानं, 'माशाअल्लाह, रंग सुरेख' असं लिहिलं. कुलूप तिनं पाहिलंही नव्हतं. तरी साइट सातव्या पानावरच बसून होती. आणि आता बारावा अभिप्राय आला होता, पहिल्याच अनोळखी माणसाचा.

तेवढ्यात सक्सेनाचा फोन आला. तिनं स्पीकर लावला. त्यालाही दिसलं होतं. "घाबरू नका मॅडम. दोन दिवसांत चाळीस अभिप्राय टाकतो, सगळे पाच ताऱ्यांचे. हा खाली कुठं गाडला जाईल, कळणारही नाही. टाकू?"

नौशीन 'हो' म्हणणारच होती. तिला रडू येत होतं, आणि आपल्यामुळे अब्बांच्या नावाला बट्टा लागला, हे तिला सहन होत नव्हतं.

"हे चाळीस जण कोण?" खुर्शीद मियाँनी विचारलं.

"आमचीच माणसं."

"त्यांच्या घरी माझं कुलूप आहे?"

"चाचा, अभिप्रायाला कुलूप कशाला लागतं?" सक्सेना हसला.

खुर्शीद मियाँनी कानस खाली ठेवली आणि ते सुनेकडे वळले. "दुल्हन, आधी तो काय म्हणतोय ते वाच. सगळं वाच."

लाजेनं अर्धी होत नौशीननं वाचलं. दरभंग्याच्या कुणा हरिनंदन चौधरींनी लिहिलं होतं. 'किल्ली विहिरीत पडली. तीन कुलूपवाले आणले. पहिला तासाभरात गेला. दुसऱ्याची दोन हत्यारं मोडली. तिसरा दिवस घालवून, मजुरी न मागताच निघून गेला. शेवटी सुताराला बोलावून दार कापावं लागलं. वडिलांनी करवून घेतलेलं सागवानी दार गेलं, कुलूप जसंच्या तसं. असलं कुलूप वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.'

दोन्ही कारागिरांचे हात थांबले.

"ते तिसऱ्याचं पुन्हा वाच," खुर्शीद मियाँ म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. मग त्यांनी कारागिराला समोर पिटाळून बन्ने उस्तादांना बोलावून घेतलं आणि तिला तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

गल्लीची एक जुनी रीत होती. नवं कुलूप तयार झालं की ते किल्लीविना समोरच्या उस्तादाकडे जायचं. त्यानं उघडलं, तर ते मुशीत जायचं. नाही उघडलं, तर समोरून एक सणसणीत शिवी यायची, आणि ती ऐकल्याशिवाय कुलूप बाजारात जात नसे. चाळीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या शिव्या जपून ठेवल्या होत्या. गोड बोललं, तर गल्लीत संशय घेत.

बन्ने उस्तादांनी ऐकलं, दाढी खाजवली आणि कुरकुरत म्हणाले, "मी तुला इतकं चांगलं कधी बोललो नाही."

सक्सेना फोनवर ताटकळला होता. "साहेब, तुमची चाळीस माणसं राहू द्या," खुर्शीद मियाँ म्हणाले. "दुल्हन, हे आपल्या साइटवर सगळ्यात वर लाव. त्या अकरा जणांचं काढून टाकायला सांग, फुफीचं आधी. आणि खाली माझं उत्तर लिही. 'चौधरीसाहेब, दाराबद्दल माफी मागतो. कुलपाबद्दल नाही. त्यावरचा नंबर कळवा, नवी किल्ली पाठवतो.'"

नौशीननं तसंच केलं. सक्सेनानं कपाळावर हात मारल्याचा आवाज फोनवरही ऐकू आला.

पण आठवडाभरात तो अभिप्राय कुणीतरी लखनौच्या कुलूपवाल्यांच्या साइटवर उतरवून घेतला, खाली कारखान्याच्या साइटचा पत्ता देऊन. तिथून तो एका वर्तमानपत्राच्या साइटनं उचलला. दरभंग्याचे ते तीन कुलूपवाले खरे की खोटे, यावर अनोळखी माणसं भांडू लागली, आणि खात्री करायला कुलूप मागवू लागली. रमजानच्या मध्यावर साइट पहिल्या पानावर आली. दोन्ही कारागिरांना मान वर करायला फुरसत उरली नाही, आणि नौशीन पार्सलं बांधताना गुणगुणू लागली.

सक्सेनाचा पुन्हा फोन आला. आवाज जरा नरमला होता. "सगळं झकास आहे मॅडम. तो एक तारा तेवढा त्या चौधरींना वाढवायला सांगा."

नौशीननं साइट उघडली. चौधरींनी सकाळीच अभिप्रायात भर घातली होती. 'किल्ली मिळाली. नवं दार बसवलं, त्याला तेच कुलूप लावलं. मागच्या दारालाही असलंच एक पाठवा. तारा मात्र एकच राहील. पाच दिले, तर गावात म्हणतील, चौधरीनं पैसे खाल्ले.'