ठेच्याची परीक्षा

हात वर करून मत देण्याआधी प्रत्येकाने भाकरीवर लवंगी मिरचीचा ठेचा खाऊन दाखवायचा, हा सोलापूरच्या धरण्यांवरचा नवा रिवाज होता. मालकांनी घुसवलेले यंत्रमानव गर्दीत बेमालूम मिसळत, घासही गिळत. डोळ्यांत पाणी मात्र त्यांना आणता येत नसे.

नव्या यंत्रांच्या नफ्यात कामगारांनाही वाटा हवा, म्हणून सूतगिरणीच्या फाटकासमोर धरणे चालले होते. केवळ कायद्याची अट पाळायची म्हणून मालकाने निम्म्या वाट्याची तयारी दाखवली होती. संध्याकाळपर्यंत कामगारांनी ती तडजोड स्वीकारली नाही, तर गिरणी कायमची बंद करायला तो मोकळा होता. तरीही ‘निम्मा घेऊ या’ म्हणणाऱ्या सिद्रामअण्णाचाच पुढारी मल्लव्वाला संशय होता.

“मोठा घास घे, अण्णा. मालकाच्या माणसाला तिखट लागत नाही म्हणे!”

“घेतो की, अक्का. घरी पोरांना तरी दुसरं काय घालतोय?” म्हणता म्हणता सिद्राम ठसकला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. तडजोड मागणारे बाकीचेही नाक पुसू लागले. मल्लव्वा खजील झाली.

मग ठेचा-भाकरीची परात तिच्या स्वतःच्या गटाकडे वळली. ‘पूर्ण वाटा, नाहीतर लढा!’ म्हणून रोज आभाळ डोक्यावर घेणाऱ्यांनी शांतपणे घास गिळला आणि कोरड्या डोळ्यांनी ते तिच्याकडे पाहत राहिले.

“माघार नको, अक्का,” त्यांच्यातला एक म्हणाला. “आम्ही तुझ्या पाठीशी आहोत.”

मल्लव्वाने तडजोडीच्या बाजूने पहिला हात स्वतःचाच वर केला.