तिसरा नमुना

सकाळी साडेदहा वाजता तिनं प्रिंटिंगवाल्या काकांच्या काउंटरवर तीन नमुने ओळीनं मांडले आणि एका दमात सांगून टाकलं, "काका, आम्ही स्वतःचं मशीन घेतोय."

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर उतरवला. आतल्या खोलीत त्यांचं जुनं मशीन कुणाच्या तरी दुकानाची पाटी छापत होतं. त्याची खरखर तेवढी ऐकू येत होती.

हे वाक्य तिच्या पोटात महिनाभर पडून होतं. रस्त्याच्या पलीकडे तिचं आणि नवऱ्याचं पाट्या-स्टिकरांचं छोटं दुकान. डिझाइन ती करायची, शिडीवर चढून लावायचं काम त्याचं. मधलं काम, म्हणजे व्हिनाइलच्या चिकट प्लॅस्टिकवर छापून घेणं, पहिल्या दिवसापासून काकांकडे. नात्यानं ते तिचे कुणीच नव्हते. पण दुकान नवं असताना तिच्या चुकलेल्या फाइली एका शब्दानं न बोलता दुरुस्त करून देणारा माणूस हाच. आता कामं वाढली होती, गिऱ्हाइकं घायकुतीला आलेली असायची आणि काकांकडची रांग काही सरकत नव्हती. स्वतःचं मशीन हवंच होतं. अडचण एवढीच, की त्या रांगेतली निम्मी कामं तिचीच होती. ती उठून गेली, की या माणसाच्या पोटावर पाय येणार होता.

"बाहेरून कळलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही. जा आणि सांग," नवरा रोज म्हणायचा.

"मग तूच जा ना."

"मी शिडीवर बरा."

आत्ताही तो शिडीवरच होता. समोर स्वतःच्या दुकानाची पाटी पुसत होता. पाटी लख्ख होती. लक्ष सगळं इकडे होतं.

मशीन निवडताना मात्र दोघांनी घाई केली नव्हती. विक्रेत्यांच्या फाइलीतली फुलं आणि पोपट कुठल्याही मशीनवर झकासच येतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती स्वतःची फाइल घेऊन गेली. एका म्हातारीचा चेहरा, मुंगीएवढी अक्षरं, एक गडद लाल पट्टा आणि हळूहळू फिकट होत जाणारा राखाडी. राखाडी रंगाला खोटं बोलता येत नाही. पहिल्या विक्रेत्याकडे तो गुलाबी झाला. दुसऱ्याकडे निळसर. तिसरा विक्रेता म्हणाला, "दाखवायचं मशीन सध्या इथं नाही, मॅडम. फाइल ठेवून जा, नमुना पोचवतो." त्याचा नमुना आला, त्यातला राखाडी राखाडीच होता. नुसता राखाडी. तिनं त्याची कड नखानं खरवडली, ओल्या फडक्यानं घासली, एक पट्टी कापून जुन्या गाडीच्या दाराच्या वळणावर ताणून लावली. नवऱ्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, "हाच." रंगांबद्दल तो आजवर एवढंच बोलला होता.

"कधी घेताय?" काकांनी विचारलं.

"आज फोन करणार होते. म्हटलं, आधी तुमच्या कानावर घालावं." "काका, राग आला का?"

"राग कसला? तुझी ती 'आत्ताच्या आत्ता' वाली कामं गेली, की दुपारी माझा डोळा तरी लागेल." ते हसले. "बोला मालकीणबाई, कुठलं ठरलं?"

तिनं तिसरा नमुना पुढे सरकवला. काकांनी तो उचलला नाही. त्या राखाडीवर नुसतं बोट ठेवलं.

"इथं अजून थोडं सुधारता आलं असतं," ते म्हणाले. "पण त्या माणसाला घाई होती."

"कुठल्या माणसाला?"

"तुझ्या विक्रेत्याला. त्यानं सांगितलं नाही? त्याचं मशीन गोदामात अडकलं होतं. माझं त्याच कंपनीचं, म्हणून फाइल घेऊन आला माझ्याकडे. मला वाटलं, तुला माहीत आहे."

ती आतल्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. "म्हणजे हा नव्या मशीनवरचा नाही?"

"नवं कुठलं? आत खोकतंय ना, त्यावरचा. पहिला बिघडला, फेकून दिला. मग रंग जुळवून परत काढला."

नमुना येऊन पंधरवडा झाला होता. म्हणजे काकांना तेव्हापासून सगळं ठाऊक होतं. या पंधरवड्यात त्यांनी तिची कामं नेहमीसारखीच छापून दिली होती. एकदा तर रांग मोडून.

"मी मशीन घेणार, तुमच्याकडून जाणार, हे तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली. "तरी परत काढलात?"

काकांनी बोट नमुन्याच्या खालच्या कोपऱ्यात नेलं. तिथं बारीक अक्षरांत तिच्या दुकानाचं नाव होतं. प्रत्येक फाइलवर ते टाकायची तिच्या हाताला सवयच होती.

"मग काय खराब देऊ?" ते म्हणाले. "खाली नाव तुझं होतं."

साडेअकराला तिसऱ्या विक्रेत्याचा फोन आला. वाजून वाजून थांबला.

दुपारच्या जेवणाची वेळ टळली तरी कुठलं मशीन घ्यायचं, हे ठरलेलं नव्हतं. शिडी बाहेर भिंतीला टेकून उभी होती आणि काउंटरवर चहाचे तीन कप रिकामे झाले होते. काका दुसऱ्या विक्रेत्याचा नमुना दारातल्या उजेडात धरून नवरा-बायकोला दाखवत होते.

"माझाही पहिला अस्साच निळा आला होता."