तांबड्या काड्या

इसहाकने टाचणी पुन्हा चट्ट्यात टोचली. "लागतं?"

"नही," फत्तेसिंग म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

घाबरलाय बिचारा, इसहाकच्या मनात आलं. नवापूरजवळच्या महारोग्यांच्या आश्रमात सूक्ष्मदर्शकाखाली काचा तपासण्याचं काम त्याच्याकडे होतं. चट्टा घेऊन येणाऱ्यांचे डोळे त्याच्या ओळखीचे झाले होते. कोरीट गावचा हा तरणा गडी तर कपड्यांचं गाठोडं बांधूनच आला होता.

इसहाकने चट्ट्याला आणि कानाच्या पाळीला बारीक छेद दिला, निघालेला रस काचांवर पसरला. त्यावर तांबडा रंग ओतून तापवला, मग काचा आम्लाने धुतल्या.

"आम्लाने बाकी सगळ्याचा रंग उतरतो," तो निळा रंग चढवत म्हणाला. "या रोगाचे जंतू तेवढे सोडत नाहीत. असले तर तांबड्या काड्यांच्या मोळीसारखे दिसतात."

"जित्ता ऱ्हातस त्या?"

"हो. एकेका पेशीचा जीव. ना तोंड, ना हातपाय. वाढला की मधोमध दुभंगतो, एकाचे दोन होतात. पण हा जंतू फार संथ. अंगात शिरल्यावर चट्टा उठायला वर्षं जातात."

"वर्षं?" फत्तेसिंगचा चेहरा पडला.

उगाच बोललो, असं इसहाकला झालं.

"दादा, रोग व्हई तं आजच मझार ठेवशात का?"

"आजच. कुंपणाच्या आत गेलं की मग बाहेर येता येत नाही."

फत्तेसिंगने डोळे मिटले. ओठ हलत होते. देवमोगरा मातेला नवस बोलत असावा.

इसहाक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. काच इंच इंच सरकवली. सगळीकडे निळंच. दुसरी काच लावली, तीही कोपऱ्याकोपऱ्यातून धुंडाळली. या कामात चांगली बातमी क्वचितच सांगायला मिळे. तो जवळजवळ उडीच मारून उठला.

"एकही नाही, फत्तेसिंग! चट्टा दुसऱ्याच कशाचा तरी असेल, मलम देतो. जा घरी, सुटलास!"

फत्तेसिंगने खाली वाकून त्याचे पाय घट्ट धरले. आनंदाने धरले असतील, म्हणून इसहाक त्याला उठवू लागला. फत्तेसिंग उठेना. कुंपणापलीकडच्या बायकांच्या झोपड्यांकडे हात करून तो हुंदके देत म्हणाला,

"परत दखा, दादा. एखादा तरी व्हई. मन्ही बायको तठे एकली शे."