खारछाप पेटलं

"अहो, पण हे चालू आहे," ताई म्हणाली.

"चालू आहे म्हणूनच फोडायचं," टायवाला हसला. "बंद पडलेल्या मशीनची आमच्या कंपनीला कसली आलीय भीती?"

दुकानात दहा-बारा माणसांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात खारछाप गेम. टायवाला घुबडछाप कंपनीचा. हातात धरून खेळायचे गेम खारछाप आणि घुबडछाप या दोन्ही कंपन्या बनवत आणि दोघीही एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. एकीनं बॅटरी वाढवली की दुसरी स्क्रीन वाढवायची. तोवर ठीक होतं, गिऱ्हाइकाचं भलंच होत होतं. आता घुबडवाल्यांनी नवी शक्कल काढली होती. खारछाप आणून द्या, घुबडछाप स्वस्तात न्या. आणलेल्या मशीनला मात्र जागच्या जागी ड्रिलनं आरपार भोक पाडायचं. पुन्हा कुणाच्या हाती लागायला नको.

दुकान धाकट्या भावाचं, आणि मागच्या टेबलावरची दुरुस्ती ताईची. गेली सतरा वर्षं तीच करत होती. काउंटरवरचं मशीन तिनं उलटं केलं आणि लगेच ओळखलं. तीन स्क्रू पांढरे, एक काळा. मागच्याच महिन्यात तिनं याचं डावं बटण बदललं होतं. जोडीचा स्क्रू मिळाला नव्हता म्हणून काळा लावला होता. मशीन रांगेतल्या पहिल्या माणसाचं होतं. तो बस ड्रायव्हर, सोबत सहा-सात वर्षांची मुलगी.

"मी नाही भोक पाडणार," ताई म्हणाली. "एखाद्या दवाखान्यात द्या. आजारी पोरं खेळतील."

"मॅडम, कंपनी काही धर्म करायला बसलेली नाही."

"धर्म राहू द्या हो. अधर्म तरी करू नका."

रांगेत कुणीतरी हसलं. टायवाल्यानं भावाकडे पाहिलं, आणि भावानं ताईकडे.

"ताई, तमाशा नको. मी कंपनीच्या करारावर सही करून बसलोय."

"मग निदान बॅटरी काढून घे आधी. अरे, ड्रिलचं टोक बॅटरीत गेलं तर—"

"एका मशीनला एक मिनिट, असं ठरलंय," टायवाला घड्याळ बघत म्हणाला. "बॅटऱ्या उपसत बसलो तर ही रांग कधी संपायची?"

चार लोकांत बहिणीनं अडवलं याचीच भावाला लाज वाटली असावी. त्यानं तिच्या हातातून मशीन ओढून घेतलं, फळीवर दाबून धरलं आणि ड्रिल सुरू केलं. प्लास्टिकचा भुगा उडाला, स्क्रीन तडकली. मग फुस्स असा आवाज आला, पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि भोकातून जाळ बाहेर आला. भावानं दचकून ड्रिल सोडलं. ते पडता पडता टोक मोडून मशीनमध्येच राहिलं.

रांग दाराबाहेर पळाली. टायवाला सगळ्यांच्या पुढे, पण दारातून वळून त्यानं फोनचा कॅमेरा आत रोखला. मुलगी मात्र काउंटरला हनुवटी टेकून तशीच उभी होती, डोळे विस्फारून.

"मागे व्हा! मागे!" ताईनं तिला बापाच्या अंगावर ढकललं, पक्कड घेतली, जळतं मशीन उचललं आणि टेबलाखालच्या वाळूच्या बादलीत खुपसलं. वरून ओंजळीनं वाळू लोटली. दोन बोटं आणि तळव्याची कड होरपळली, पण ते तिला नंतर कळलं, ड्रायव्हरनं तिचा हात नळाखाली धरला तेव्हा.

धूर ओसरला तसा टायवाला नाकावर रुमाल धरून आत आला. दुसऱ्या हातात फोन. तो फोनवर बोलत होता आणि त्याचा आवाज आनंदानं कापत होता.

"साहेब, खारछाप पेटलं! भर दुकानात! हो, लहान मुलगी होती समोर... हो हो, सगळं आलंय व्हिडिओत."

ताई नळाखालचा हात काढून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "भोक कुणी पाडलं, तेही सांगा साहेबांना."

त्यानं फोनवर तळवा ठेवला. "ते व्हिडिओत नाही आलं, मॅडम."

दुपारपर्यंत व्हिडिओ गावभर झाला. धूर, जाळ, मशीनवरची शेपटी उंचावलेली खार, ताईचे हात आणि तिचाच आवाज, 'मागे व्हा!' ड्रिल कुठेच नव्हतं. खाली ओळ होती: तुमच्या लेकराच्या हातात काय आहे?

"आपली पाटीपण दिसते बघ," भाऊ फोन तिच्यापुढे धरत म्हणाला. "फुकटात जाहिरात झाली."

ताईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं फोन खिशात टाकला. बादलीतली वाळू उकरून तिनं ते जळकं मशीन बाहेर काढलं. वितळून वेडंवाकडं झालं होतं, पण मधोमध मोडलेलं टोक ताठ उभं होतं. मग ती दर्शनी काचेपाशी गेली, ओळीनं मांडलेले नवेकोरे घुबडछाप गेम एका हातानं बाजूला सारले आणि मध्ये ते जळकं मशीन ठेवलं, भोक रस्त्याकडे करून.

"ताई, वेड लागलंय का? काढ ते तिथून! कंपनी उद्यापासून माल देणार नाही."

"भोक तू पाडलंस," ताई म्हणाली. "काढायचं तर तूच काढ."

भाऊ तणतणत गेला आणि त्यानं काचेमागे हात घातला.

बाहेर ड्रायव्हर उभा होता, मुलीला कडेवर घेऊन. मुलीच्या हातात त्याचा फोन होता. ती एकदा फोनमध्ये बघत होती, एकदा काचेत. मग तिनं त्या टोकावर बोट ठेवलं, काचेच्या बाहेरून, आणि बापाला काहीतरी विचारलं.

भावाचा हात तिथेच थांबला.