रिकामा तराजू

अब्बा श्रीरामपूरच्या बाजारात मापाडी होते. धान्य तोलण्याआधी ते रिकामा तराजू उचलून शेतकऱ्यांना दाखवत. माल घेऊन येणाऱ्या मुक्ताबाई हसायच्या, "महमूदभाई, तुमच्यावर इस्वास हाय की!" "हाय म्हनूनच दाखवतो," अब्बा म्हणत. त्यांच्या पश्चात त्यांच्याच घरातून मी भारताची प्रतिनिधी म्हणून अकरा देशांच्या ऑनलाइन बैठकीत एका कलमासाठी भांडत होते: कोणत्याही देशाने आपली कृत्रिम बुद्धिमत्ता लोकांवर वापरण्याआधी ती इतर देशांना तपासू द्यावी. "आमच्यावर विश्वास नाही?" एका प्रतिनिधीने विचारले. कलम गळण्याच्या बेतात होते. मी खुंटीवरचा अब्बांचा रिकामा तराजू कॅमेऱ्यासमोर उचलला. डावे पारडे खाली गेले. सगळे हसले. मी पारडे उलटून पाहिले, तर तळाशी कुंभारमाशीचे मातीचे घर. "रोज बघते, तरी माहीत नव्हतं," मी म्हणाले. "दाखवायला उचलला, म्हणून कळलं." हसणे थांबले. "कलम राहू द्या," तोच प्रतिनिधी म्हणाला. मी माती खरवडली. काटा मधोमध आला, अब्बांच्या हातात यायचा तसा.