आधीपासून चालू

"म्हापशाहून माणूस कशाला? मी आहे ना!" असं सकाळी ऐटीत सांगणारी अकरावीतली गौरवी दुपारी तीन वाजता पेडण्यातल्या काजू बागायतदारांच्या ऑफिसात डोकं धरून बसली होती. नव्याकोऱ्या कम्प्युटरवर डेटाबेसचं इन्स्टॉलेशन तिसऱ्यांदा फसलं होतं.

"अर्ध्या तासात जमला नाय तर म्हापशाक फोन करतंय हां गो, मास्तरणी!" ऑफिस सांभाळणारे सगुणकाका अंगणातून ओरडले.

एवढी बढाई मारून आता हरायचं? तिने फसल्याचं कारण उघडलं. 'हा डेटाबेस इथे आधीच चालू आहे.' कसा असेल? खोका तर तिनेच सकाळी फोडला होता!

तिने तो चालू डेटाबेस उघडून बघितला. आत एकच तक्ता होता, वेळेचा आणि जागेचा. शेवटची ओळ होती: ३.०८, खिडकीखाली.

बाहेर धप्प झालं. अंगणातल्या थोरल्या काजूच्या झाडाचा पिकला बोंडू खिडकीखाली पडला होता.

नवी ओळ उमटली: ३.०९, पायरीवर. मग धप्प! बोंडू पायरीवरच. म्हणजे ओळ आधी येत होती आणि बोंडू मागून.

गौरवीचे डोळे स्क्रीनवरून हलेनात. इतकं सुंदर काही तिने आजवर पाहिलंच नव्हतं.

पुढची ओळ आली: ३.१२, गौरवीच्या ओंजळीत.

ती बाहेर झाडाखाली आली. एक पान हलत नव्हतं.

"जमला काय गो?" काकांनी विचारलं.

"काका, ते कधीचंच चालू आहे," ती पुटपुटली, आणि तेव्हा तिला दिसलं, तिची ओंजळ आधीच पुढे झाली होती.

वर देठ सुटला.